सोळाव्या भागातली राहिलेली वीस मिनिटं

वन्सं,

सोळाव्या भागातलं एक वाक्य मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. पडद्यावर एक होतं, मी दुसरंच वाचलं, तेही नेमकं उलट. चुकून नाही, जाणूनबुजून. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगायला तुम्ही मला चांगले अडीच महिने दिलेत, रोज समोर बसून. त्या अडीच महिन्यांत मी भाजी निवडली, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या, भेटायला येणाऱ्यांना चहा केला. ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं बोलले. परवा तुमचं तेरावं झालं. अनघा आज सकाळी अहमदाबादला परत गेली, हे खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसलेत. टीव्ही मी आत्ताच बंद केला आणि लिहायला बसले.

मधूनच सुरू केलं की तुम्हाला राग यायचा. "पहिल्यापासून सांग, मी काय तुझ्या डोक्यात बसलेय?" असं म्हणायचात. तर पहिल्यापासून सांगते.

तीन दिवाळ्यांपूर्वी अनघा सुटीत आली होती. "आई, आत्या, तुम्ही दोघी दुपारभर एकमेकींची तोंडं बघत बसता, त्यापेक्षा हे बघा," म्हणून तिने टीव्हीवर एक कोरियन मालिका लावून दिली आणि स्वतः मैत्रिणींना भेटायला निघून गेली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पस्तीस वर्षं आपण एका घरात राहिलो, पण पाळीपाळीने राहिलो. माझी सकाळची शाळा, तुमची प्रतापनगरची रेल्वेची कचेरी. मी घरात शिरायची तेव्हा तुम्ही गेलेल्या, तुम्ही संध्याकाळी स्कूटर आत घालायचात तेव्हा मी वह्यांच्या गठ्ठ्याशी. नणंद-भावजय म्हणून भांडायलासुद्धा सवड मिळाली नाही. मग निवृत्त झालो आणि मांजलपूरच्या या फ्लॅटमध्ये दोघी एकदम समोरासमोर आलो. काय बोलायचं तेच कळेना.

मोतीबिंदू काढल्यानंतरही तुम्हाला बारीक अक्षर लागत नव्हतं. चेहरे दिसायचे, खालच्या इंग्रजी ओळी दिसायच्या नाहीत. अनघा म्हणाली, "आत्या, हिंदी आवाज पण आहे ना यात." तुम्ही दहा मिनिटं हिंदी ऐकलंत आणि हात झटकलात. "काढ ते. सगळ्या बायका एकाच घशातून बोलतायत. रडते ती बाई, तर रडण्याचा आवाज तिचाच हवा. अक्षरं काय, नीला वाचेल. आयुष्यभर दुसरं केलंय काय तिने?"

झालं, नीला वाचू लागली. वर्गात मुलांना इंग्रजी वाक्य वाचून अर्थ सांगायचा, तसाच घरात तुम्हाला. फरक एवढाच की वर्गातली मुलं मध्ये बोलत नव्हती.

रोज चार वाजता, चहा झाल्यावर, एकच भाग. दुसरा लावायचा नाही, मग पडद्यावर कुणी कड्यावरून खाली पडत का असेना. पहिल्या भागाच्या दिवशी बारसं करायचं, कारण त्यांची नावं आपल्या दोघींच्याही लक्षात राहायची नाहीत. कुणी लांबमान्या, कुणी कंपनीवाला, एक ताडताड चालणारी बाई होती तिला तुम्ही कलेक्टर केलंत. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे पुढचं सांगायचं नाही. समोरच्या उषाबेननी एकदा मुलीच्या मोबाईलवर पुढचे भाग बघितले आणि दारात उभं राहून सांगून टाकलं, "कुमुदबेन, पेलो डॉक्टर तो मरी जवानो छे!" तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "उषाबेन, तमे घेर जाओ." बिचाऱ्या आठ दिवस आपल्याकडे फिरकल्या नाहीत. डॉक्टर मेला तेव्हा तुम्ही रडलात, पण ते डॉक्टरसाठी होतं की उषाबेनवरच्या रागाने, हे मला आजही सांगता यायचं नाही.

तुमच्यासारखा प्रेक्षक मी पाहिला नाही. नायकाने नायिकेचं मनगट धरून ओढलं की, "आधी हात सोड म्हण त्याला, मग काय ते बोल." नायिका दारू पिऊन पडली आणि त्याने तिला पाठुंगळीला घेतलं की, "यांच्याकडे पाठीवर घेतल्याशिवाय प्रेम कळत नाही वाटतं." रस्ता रिकामा दिसला, गाणं थांबलं, की तुम्ही सावरून बसायचात. "बस, आता ट्रक येणार." आणि ट्रक यायचा. सासू सुनेच्या तोंडावर ग्लासातलं पाणी फेकायची तेव्हा तुमची चिडचिड सुनेवर असायची, ग्लास हातून काढून का घेतला नाही म्हणून. आपलं संस्थानच्या फौजेतलं घराणं, तुमच्यात ते पुरेपूर उतरलं होतं.

आणि बाजू. बाजू तुम्ही नेहमी मागे राहिलेल्याची घ्यायचात. दोघांचं जुळलं की मी खूश व्हायची आणि तुम्ही विचारायचात, "त्या दुसऱ्याचं काय? छत्री घेऊन उभा राहिला तो?" मी म्हणायची, त्याला कुणीतरी मिळेल की. तुम्ही म्हणायचात, "मिळायलाच हवं असं कुठे लिहिलंय? तो बरा आहे तसा, तूच त्याची दया करत बसलीयेस." अशी आपली भांडणं चहा निवेपर्यंत चालायची. ह्यांनी तर आपल्या खोलीत बसून बातम्यांचा आवाज वाढवायची सवयच लावून घेतली.

मग या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती मालिका आली. समुद्रकाठचं छोटं गाव, घरचं शेवयांच्या सूपचं दुकान, ते चालवणारी मोठी बहीण. तिचं नाव आपण थोरली ठेवलं. तिचा धाकटा भाऊ लग्न करून बायको आणतो, ती भावजय. आणि बोटी दुरुस्त करणारा एक माणूस, मिस्त्री, थोरलीला म्हणतो, चल माझ्याबरोबर दुसऱ्या गावी. थोरली नाही म्हणते. का, ते सांगत नाही. तो जातो आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखं दुकानाचं शटर वर करते. हे तिसऱ्या भागात घडतं आणि पुढचे बारा भाग आपण दोघी तेवढ्यावरून भांडलो.

मी म्हणायची, तिने जन्म फुकट घालवला. भावाच्या संसारासाठी स्वतःचा घालवला, आणि त्या भावजयीला त्याचं काही नाही. तुम्ही म्हणायचात, "फुकट कसा? दुकान कुणाचं आहे? पहाटे शटर वर करते तेव्हाचं तिचं तोंड बघ जरा." मी म्हणायची, तोंडावर काय दिसतं? लेखकाने तिला बदललेलं दाखवायला हवं, तिने एकदा तरी चिडायला हवं. आणि तुम्ही तुमचं ठरलेलं वाक्य टाकायचात, "सोळा भागांत कुणी बदलत नाही, नीला. आपल्याला फक्त तो माणूस कळायला लागतो."

आता ते दुसरं सांगते, जे आपण पस्तीस वर्षांत एकदाही बोललो नाही.

अनघा आठ महिन्यांची होती, आई अर्धांगाने अंथरुणावर, आणि मला शाळेत लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. सात ते दहा अनघा आणि आई तुमच्याकडे. पोरीला न्हाऊमाखू घालून, आईंचं अंग पुसून तुम्ही कचेरी गाठायचात, मग मी येईपर्यंत शेजारच्या काकू बघायच्या. अशात एका रविवारी तुमच्या कचेरीतले ते गृहस्थ त्यांच्या मावशीला घेऊन तुम्हाला मागणी घालायला आले. बायको गेलेले, भावनगरला बदली झालेले, हातात खंडेराव मार्केटमधले चिकू. नीट बोलले, नीट बसले, पोहे संपवले. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात बशा विसळत होते आणि तुम्ही मागे उभ्या होतात. मी पाठ न वळवता म्हटलं, "तुम्ही गेलात की मी शाळा सोडून देईन, दुसरं काय करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना म्हणालात, "दत्तू, नाही म्हणून कळव."

मी ते सहज म्हटलं होतं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. आज तुमच्यापुढे ते चालायचं नाही. सहज नव्हतं. मला नोकरी हवी होती, आणि तुम्ही गेलात तर ती राहणार नाही हे तुमच्या कानावर घालायचं होतं. तुम्ही थांबलात, नोकरी राहिली, मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. निरोप समारंभात तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात आणि सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागलात.

म्हणून थोरलीवरून मी इतकी भांडत होते. तुम्हाला ते कळत नव्हतं असं मला वाटायचं.

सोळावा भाग. निम्म्याहून जास्त झाला होता. रात्रीचं दुकान आवरून थोरली आणि भावजय भांडी घासतायत. भावजय पाठमोरी. मला तिथेच त्या रविवारच्या बशा आठवल्या. भावजयीने पाठ न वळवता विचारलं, आणि ते मी बरोबर वाचलं, "तुम्ही तेव्हा माझ्यामुळे राहिलात का?"

थोरलीने हात पुसले. खाली ओळ आली, "नाही, तुझ्यामुळे नाही."

मी वाचलं, "हो, तुझ्यामुळेच. आणि तू एकदाही विचारलं नाहीस."

का वाचलं? मला वाटलं, तुम्ही ऐकून गप्प व्हाल आणि त्या गप्प होण्यावरून मला काय ते कळेल. जे विचारायची हिंमत नव्हती ते मी त्या परक्या बाईच्या तोंडी घालून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही मान हलवाल, "खरंय बाई तिचं" म्हणाल, मग मी तुमचे पाय धरीन, असंही काहीतरी डोक्यात होतं. मास्तरकी केलेल्या बाईला शोभेल असा काही विचार नव्हता तो.

तुम्ही गप्प झाला नाहीत. तुम्ही ओरडलात, "खोटं!"

माझी चोरी पकडली गेली असंच मला वाटलं. पण तुमचा राग लेखकावर होता. "माती केली मेल्याने! पंधरा भाग अशी बाई उभी केली आणि शेवटी रडकी करून टाकली. ती असं म्हणणारच नाही."

"का म्हणणार नाही?" मी म्हटलं. "इतकी वर्षं मनात ठेवलं, शेवटी बोलली. माणूस बदलतो."

"बदलत नाही. मी तिला ओळखते. ती राहिली कारण तिला राहायचं होतं. आणि समजा नसलं राहायचं, तरी असलं ओझं ती भावजयीच्या डोक्यावर ठेवणार नाही. बंद कर ते."

मी लगेच बंद केलं. आणि मग, वन्सं, गंमत बघा, मी अर्धा तास त्या वाक्याची बाजू घेऊन तुमच्याशी भांडले. मीच रचलेल्या वाक्याची. तुम्ही चपला घालून खाली फिरायला निघून गेलात. भागाची वीस मिनिटं राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी चार वाजता तुम्ही टीव्हीकडे बघितलं नाहीत, मीही नाही.

थोडे दिवस गेले आणि तुम्हीच विषय काढलात. "नीला, तो भाग संपव गं. वीस मिनिटं राहिलीत." मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना माती केली, आता कशाला? तुम्ही म्हणालात, "तरी बघ. अर्धवट टाकू नये." मला कसला धीर होतो! तुम्ही शेजारी बसणार, मी पुढचं वाचणार, आणि त्यात माझं खोटं उघडं पडणार. मी टाळलं. मग तुमचं पोट दुखायला लागलं, तपासण्या सुरू झाल्या, आणि टाळायला कारणच मिळालं. तरी तुम्ही आणखी दोनदा म्हणालात. एकदा सोनोग्राफीच्या रांगेत बसल्या बसल्या, "बघितलास का?" आणि एकदा सलाईन लावलेलं असताना, तेव्हा नुसतंच "वीस मिनिटं". मला वाटलं, गोळ्यांच्या गुंगीत बोलताय.

तो रिपोर्ट आला ती दुपार आठवते. जाड पाकीट, आत सगळं इंग्रजीत. ह्यांना डॉक्टरांनी निम्मंच सांगितलं होतं आणि हे दारातच उभे राहिले. तुम्ही पाकीट माझ्याकडे दिलंत. "आहे तसं वाच. मध्ये तुझं काही घालू नकोस."

मी वाचलं. एक एक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. दोन शब्द तुम्ही पुन्हा विचारलेत, त्यांचाही अर्थ सांगितला. शेवटची ओळही वाचली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बघ, येतं की तुला नीट वाचायला." मग ह्यांना म्हणालात, "दत्तू, तिथे काय उभा? थोडा लीलो चेवडो आण, तोंडाला चव नाही."

मी ते शाबासकीचं बोलणं समजले. वाईट बातमी न रडता वाचली म्हणून.

काल संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी टीव्ही लावला. का लावला ते माहीत नाही, बहुधा ते एक काम तरी संपवावं म्हणून. सोळावा भाग काढला तर तो आपण बंद केला तिथून सुरू होईना. पूर्ण बघून झाल्याची खूण त्यावर होती. पहिल्यापासून लावला, तर माणसं हिंदीत बोलायला लागली. मी म्हटलं, अनघाने काहीतरी दाबलेलं दिसतंय.

हे पेपर बाजूला न करता म्हणाले, "ते ताईने बघितलं होतं. मीच लावून दिलं."

"कधी?"

"तू खंडेराव मार्केटला आवळे आणायला गेलीस तेव्हा. तुमचं ते भांडण झालं त्यानंतर चार-पाच दिवसांनी. मला म्हणाली, दत्तू, हिंदी लाव. मी म्हटलं, तुला तर हिंदी आवडत नाही. म्हणाली, आवडीचं राहू दे, मला खात्री करायचीय."

"मग?"

"मग काय, बघितलं. मध्येच मांडीवर थाप मारली, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' म्हणाली. मला त्यातलं काय कळतंय! आणि मग हसायला लागली, नीला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, 'आपली मास्तरीण भलतीच लबाड निघाली.'"

ह्यांनी तेव्हा कुठे पेपर खाली घेतला.

"मी विचारलं तिला, नीलाला सांगू का तू बघितलंस म्हणून? तर मुळीच नाही म्हणाली. 'तिचं बघायचं राहिलंय. पुढचं सांगायचं नाही.'"

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तिने नको म्हटलं होतं ना," ते म्हणाले. मग त्यांनाच रडू आलं. मोठी बहीण गेल्यानंतर काल पहिल्यांदा रडले, म्हणून मी आणखी काही बोलले नाही.

पण तुमच्याशी बोलते. कसली ही शिस्त, वन्सं? उषाबेनना घरी घालवलंत ते ठीक, डॉक्टर मेला त्याचं एवढं काही नाही. इथे मी रोज तुमच्या समोर बसून आतल्या आत झुरत होते, तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही नियम पाळत बसलात? एका वाक्यात सुटका केली असतीत माझी. कालची रात्र मी तुमच्यावर चिडून काढली. सकाळी अनघाला गाडीत बसवून आले तेव्हा राग उतरला होता. तुम्ही मला अंगावर येऊन विचारलं असतंत तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं असतं, इंग्रजी ओळ भरभर गेली हो, वाचताना चुकले. तुम्ही मला तेवढं ओळखून होतात. मी बदलेन याची वाट तुम्ही बघत नव्हतात. मी स्वतः बघावं एवढंच म्हणत होतात, आणि तेही तीनदा सांगितलंत.

थोरली म्हणजे तुम्ही नव्हेत, हे मला कळतं. तिचं आयुष्य कुणीतरी लिहिलेलं आहे. भावनगरच्या त्या गृहस्थांबद्दल तुम्हाला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही, आणि आता ते कुणालाच सांगता यायचं नाही. तेवढं माझ्याकडे राहणार आहे, राहू दे. पण त्या दिवशी सोफ्यावरून तुम्ही जे ओरडलात, ती राहिली कारण तिला राहायचं होतं, ते तुम्ही पडद्यावर न बघता ओरडला होतात. तेव्हा वाक्य तर मी पुसून टाकलं होतं. मग तुम्ही ते कुठून आणलंत?

आज चार वाजता मी एकटीचाच चहा केला. टीव्हीवरचं हिंदी काढून त्यांचे आवाज लावले, चष्मा घातला आणि आपण बंद केलं होतं त्याच्या जरासं आधीपासून सुरू केलं. मोठ्याने वाचलं. तीन वर्षांची सवय आहे, मनातल्या मनात वाचलं की मला आता अर्थ लागत नाही. उषाबेन दारावरून जाताना थबकल्या, आत आल्या नाहीत.

भावजय पाठमोरी आहे. ती विचारते, "तुम्ही तेव्हा माझ्यामुळे राहिलात का?"

थोरली हात पुसते. "नाही, तुझ्यामुळे नाही."

आपण इथे बंद केलं होतं. त्यापुढचं तुम्ही ऐकलंत, माझं राहिलं होतं. भावजय रडायला लागते. थोरली तिच्या हातातलं भांडं काढून घेते आणि स्वतः विसळायला लागते. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग थोरली म्हणते, "मला हे दुकान आवडायचं. आणि तू या घरात आलीस तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता बोलायला कुणीतरी आलं."

एवढंच आहे, वन्सं. आहे तसं वाचलं. मध्ये माझं काही घातलं नाही.